तिसरा उन्हाळा काढणारी थर्मल पेस्ट

एप्रिल लागला की माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं. "ताई, लॅपटॉप लय तापून राह्यला. पेस्ट बदलून द्या, पण भारीवाली टाका बरं." आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे तापण्याची तक्रार खोटी नसतेच. थर्मल पेस्ट हा शब्दही आता व्हिडिओ बघून सगळ्यांच्या तोंडी बसलाय, आणि त्याचा मला आनंदच आहे. मला बोलायचंय ते 'भारीवाली'बद्दल. कारण ट्यूबवरचा मोठा आकडा बघून घेतलेली पातळ पेस्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॅपटॉपमध्ये दीड-दोन वर्षांत दगा देते, आणि घट्ट, चिवट, लावताना जरा हाताला नकोशी वाटणारी पेस्ट तीन उन्हाळे आरामात काढते. मी पेस्ट निवडते ती तिसरा उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून.

आधी पेस्ट करते काय, ते. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा (म्हणजे त्याच्यावर बसणाऱ्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा) तळ आपल्याला कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यांवर बारीक ओरखडे आणि खळगे असतात. नुसतेच एकमेकांवर ठेवले तर ते थोड्याच ठिकाणी खरोखर टेकतात, बाकी फटींत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हवेइतकी निकामी वस्तू नाही. उष्णता वाहून नेण्याच्या या क्षमतेला वाहकता म्हणतात. वॅट प्रति मीटर-केल्विन या तिच्या मापात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २०० च्या वर, आणि हवेचा ०.०२६. पेस्ट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि तीही हवेच्या बाजूलाच. चांगल्या पेस्टच्या ट्यूबवर ८ किंवा १२ असा आकडा असतो. म्हणजे हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्याच्या तुलनेत अगदीच मंद. रंगारी भिंतीला लांबी भरतो ती खड्ड्यांपुरती, तसंच हे. पेस्टने फटी भराव्यात आणि जिथे धातूला धातू टेकतोय तिथून बाजूला सरावं.

आता थोडं गणित करू, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. रायझन ७ ४८००एच हा लॅपटॉपमधला प्रोसेसर घ्या. त्याच्या सिलिकॉनच्या तुकड्याचं क्षेत्रफळ १५६ चौरस मिलिमीटर, आणि त्याची ठरलेली उष्णता ४५ वॅट. मधला थर ०.०५ मिलिमीटर जाड आहे आणि पेस्टची खरी वाहकता ५ आहे असं धरलं, तर थराच्या खालच्या आणि वरच्या बाजूत साधारण ३ अंशांचा फरक पडतो. दुप्पट वाहकतेची, म्हणजे १० ची पेस्ट आणली तर तो दीड अंशावर येतो. कमावले किती, तर दीड अंश. उलट पेस्ट तीच ५ ची ठेवली, पण कूलर नीट दाबून न बसल्यामुळे थर ०.१ मिलिमीटरचा झाला, तर फरक ६ अंशांवर जातो. यात उष्णता सगळीकडून सारखी निघते असं धरलंय. प्रत्यक्षात कोअरच्या, म्हणजे चिपमधल्या खरं काम करणाऱ्या भागांच्या, डोक्यावर ती एकवटते, त्यामुळे आकडे थोडे वाढतील. हिशेब मात्र तोच राहतो: थर पातळ राखण्याने जे साधतं ते भारी पेस्टने साधत नाही.

याचं मोठं उदाहरण खुद्द इंटेलच्या इतिहासात आहे. २०१२ साली आलेल्या आयव्ही ब्रिज पिढीत, म्हणजे आय७-३७७०के वगैरे, कंपनीने प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली आधी असलेला सोल्डर, म्हणजे वितळवून जोडलेला धातू, काढून पेस्ट घातली. ते प्रोसेसर ओव्हरक्लॉक केले, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवले, की फार तापायचे, आणि लोकांनी पेस्टला शिव्या दिल्या. मग हौशी लोकांनी झाकणं उघडून पाहिलं, तेव्हा ध्यानात आलं की खरा घोळ झाकण चिकटवणाऱ्या काळ्या गोंदाचा होता. त्या गोंदाच्या जाडीमुळे झाकण सिलिकॉनपासून वर उचललेलं राहायचं आणि मधला पेस्टचा थर विनाकारण जाड व्हायचा. गोंद खरवडून काढल्यावर साध्या पेस्टनेही तापमान चांगलंच उतरायचं. २०१८ मध्ये आय९-९९००के आला तेव्हा इंटेल पुन्हा सोल्डरकडे वळली.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना वारंवार सांगावी लागते. कूलर कितीही चांगला असला तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोलीत २६ अंश असताना जो लॅपटॉप भाराखाली ७६ वर थांबतो, तोच मे महिन्यात ४१ अंशांच्या खोलीत ९१ वर जाणार. पेस्ट तीच, धूळ तेवढीच, तरी पंधरा अंश वाढले. हे पंधरा अंश जगातली कोणतीही ट्यूब परत देत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी "८८ दाखवतंय" म्हणालं की मी आधी विचारते, खोलीत किती होतं? आणि प्रोसेसर कोणता? रायझन ७००० मालिकेतले ७९५०एक्ससारखे डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जायचेच, तशी त्यांची रचनाच आहे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोचल्यावर ते स्वतःचा वेग उतरवून जीव वाचवतात. आकडा बघून घाबरण्यापेक्षा वेग पडतोय का ते बघा.

तर मग तिसऱ्या उन्हाळ्यात होतं काय? लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवर थेट तांब्याची पट्टी बसते. सिलिकॉन आणि तांबं तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. गेम सुरू झाला, ९५ अंश. बंद केला, ४५. पुन्हा सुरू. प्रत्येक वेळी दोघांमधली फट किंचित हलते, आणि पातळ पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते. असा लॅपटॉप उघडला की चित्र ओळखीचं असतं: सिलिकॉनच्या चारी बाजूंना राखाडी पेस्टची जाडसर झालर, आणि मधोमध आरशासारखं चकचकीत उघडं सिलिकॉन. बरोबर तिथेच, जिथे कोअर सर्वांत जास्त तापतात. तेलकट पेस्टमधलं तेल सुटून कडेला पिवळसर ओघळही दिसतो. पेस्ट वाळून खडू होते ती वेगळी गोष्ट, तीही होते, पण लॅपटॉपमध्ये मला ही मधून सरकलेली पेस्टच जास्त दिसते. पहिल्या दिवशी हिने सगळ्यांत कमी तापमान दाखवलेलं असतं, कारण पातळ पेस्ट पटकन बारीक थरात दबते. ज्या गुणामुळे ती पहिल्या दिवशी जिंकते, त्याच गुणामुळे ती सरकते.

म्हणून मी काय वापरते ते सांगते. डेस्कटॉपला आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१. दोन्ही वर्षानुवर्षं बाजारात टिकलेल्या, वीजवाहक नसलेल्या, त्यामुळे जरा बाजूला ओघळली तरी शॉर्टची भीती नाही. एमएक्स-४ बद्दल कंपनी आठ वर्षांचा दावा करते, नॉक्टुआ पाच वर्षांपर्यंत म्हणते. झाकण असलेल्या प्रोसेसरवरच्या स्थिर परिस्थितीत हे पटण्यासारखं आहे, उघड्या सिलिकॉनच्या लॅपटॉपमध्ये मी तेवढा भरवसा धरत नाही. नॉक्टुआ वाहकतेचा आकडा छापतच नाही, आणि मला ते आवडतं. प्रत्येक कंपनी तो आकडा आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे एका ट्यूबवरचा १२ आणि दुसरीवरचा ८ यांची तुलना करून काही हाती लागत नाही. एमएक्स-४ च्या नकला मात्र सुटल्या आहेत. फारच स्वस्त मिळाली तर शंका घ्या. चार ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दहाएक कॉम्प्युटर होतात, तेव्हा तिथे शंभर रुपये वाचवायला जाऊ नका.

लॅपटॉपला मी आता जमेल तिथे पेस्ट लावतच नाही. हनीवेलची पीटीएम७९५० नावाची एक पातळ राखाडी पट्टी मिळते, ती लावते. साध्या तापमानाला ती घट्ट पट्टी असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते, दाबाखाली बारीक थर बनवते आणि थंड झाली की पुन्हा आवळते. घट्ट असल्यामुळे ती मधून सरकत नाही. लेनोव्होने आपल्या लीजन लॅपटॉपांत हीच वापरलेली आहे. फक्त आपल्याकडे एक अडचण येते, जी थंड देशांतले व्हिडिओवाले फारशी सांगत नाहीत. मे महिन्यात माझ्या टेबलावरच ४० अंश असतात, तेव्हा ही पट्टी हातातच मऊ पडते, दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक सुटत नाही आणि सुटलं तर निम्मी पट्टी सोबत घेऊन येतं. मी ती पाकिटासकट फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवते, सिलिकॉनपेक्षा कणभर मोठी कापते, एक बाजू सोलून चिकटवते, मग वरच्या प्लॅस्टिकची एक कड झटक्यात उचलते. लावल्यावर पहिल्या तासाला तापमान निराश करतं. पट्टी एक-दोनदा चांगली तापून थंड होऊ द्या, मग ते खाली येतं.

लिक्विड मेटल मी लावत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते गॅलियमचं मिश्रण असतं. शुद्ध गॅलियम २९.८ अंशांनाच वितळतं, मिश्रण तर त्याआधीच द्रव असतं. वाहकता जबरदस्त, ७० च्या वरचे आकडे, पण ते वीजही वाहतं आणि ॲल्युमिनियमला लागलं की धातू पोखरून भुसभुशीत करतं. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते घातलं, पण त्यासाठी आजूबाजूला ते बाहेर न पडू देणारी बंदिस्त कडा केली. कॉलेजला बॅगेतून, मोटारसायकलवरून, खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या लॅपटॉपात ते घालणं मला पटत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डबीत मिळणारी पांढरी पेस्ट, अँप्लिफायरवाले ट्रान्झिस्टरच्या खाली अभ्रकाबरोबर लावतात ती? तिला मी नावं ठेवत नाही. तिच्या कामाला ती उत्तम आहे, पण आजच्या प्रोसेसरच्या इतक्या छोट्या जागेतून इतकी उष्णता काढायला ती पुरत नाही, आणि आमच्याकडच्या उन्हात लवकर वाळते.

लावण्याआधीची साफसफाई हे निम्मं काम आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे तेलकट पापुद्रा सोडतं. थिनर, पेट्रोल तर मुळीच नको. कडक झालेल्या जुन्या पेस्टवर अल्कोहोलने भिजवलेला कापडाचा तुकडा दोन-चार मिनिटं ठेवून द्या, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ती आपोआप निघते. स्क्रूड्रायव्हरने खरवडलेले तळ माझ्याकडे येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कापसाच्या बोळ्याचे तंतू मागे राहतात, त्यामुळे चष्मा पुसायच्या कापडाने शेवटचा हात फिरवा, आणि नंतर बोट लावू नका.

डेस्कटॉपमधला ७००० मालिकेच्या आधीचा रायझन, म्हणजे एएम४ सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसतो ती जागा), उघडताना एक काळजी घ्याच. त्याच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि सॉकेटची पकड तेवढी जोरकस नसते. पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही त्याला चिकटून, सॉकेटची दांडी बंद असतानाच, उपटून येतो. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं जड कामाला लावा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा. कट्ट असा बारीक आवाज होऊन तो सुटतो. तेव्हाच उचला.

किती लावायची? झाकणाच्या प्रोसेसरवर मधोमध मोठ्या मसुराएवढा, फार तर छोट्या वाटाण्याएवढा ठिपका, बस. कुणी रेघ मारतं, कुणी फुली काढतं, कुणी कार्डाने सारवतं. दाब नीट असेल तर यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो, आणि त्यावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या पोरांना मी हेच सांगते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, वीजवाहक नसलेली असेल तर बिघडत काही नाही. कमी पडली तर मात्र बिघडतं. लॅपटॉपच्या उघड्या सिलिकॉनवर पद्धत वेगळी: तिथे ठिपका चालत नाही, सगळा तुकडा कोपऱ्यांसकट हाताने झाकायचा. एक कोपरा कोरडा राहिला तर त्या कोपऱ्यातली कोअर बाकीच्यांपेक्षा आठ-दहा अंशांनी पुढे पळते. नवीन कूलरच्या तळाला कंपनीनेच राखाडी पट्टे लावलेले असतील तर त्यावर आणखी पेस्ट घालू नका. पहिल्या बसवणीला ती चांगली असते.

इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार दाबपिना असतात, आणि माझ्याकडे "पेस्ट खराब" म्हणून येणाऱ्या डेस्कटॉपांत एखादी पिन बसलेलीच नाही असं खूपदा निघतं. तीन पिनांवर कूलर तिरपा उभा, एका बाजूला पेस्ट चपटी आणि दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी जाड. तिरप्या समोरासमोरच्या दोन पिना आधी दाबा, मग उरलेल्या दोन. शक्य असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढूनच दाबा, म्हणजे मागच्या बाजूने बघता येतं: प्रत्येक भोकातून प्लॅस्टिकचे दोन पाय फाकून बाहेर आलेले दिसले पाहिजेत. लॅपटॉपच्या तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे अंक कोरलेले असतात. घट्ट करताना त्या क्रमाने, थोडं-थोडं, दोन-तीन फेऱ्यांत, आणि सोडवताना उलट क्रमाने. पट्टी उघडण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढलेला असावा, हे मी गृहीत धरतेय.

ग्राफिक कार्डाच्या मेमरीवर जे जाड, मऊ, निळसर किंवा राखाडी तुकडे असतात ते थर्मल पॅड, त्यांच्या जागी पेस्ट घालायची नाही. तिथली फट मिलिमीटरच्या हिशेबातली असते. फाटले तर त्याच जाडीचे नवे आणा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड घातला की कूलरचा तळ वर उचलला जातो आणि प्रोसेसरवरचा थर जाड होतो. आयव्ही ब्रिजच्या गोंदाने जे केलं, तेच.

आणि हे सगळं करण्याआधी पंखा आणि जाळी बघा. अकोला म्हणजे कापूस. जिनिंगच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर उघडले की कूलरच्या पात्यांमध्ये रुईची सबंध चटई बसलेली असते, बोटाने धरून ओढली तर एका तुकड्यात निघते. हवाच जात नसेल तर पेस्ट काय करणार? तिथे नुसती रुई काढून दहा-बारा अंश उतरतात, आणि पेस्टला हात लावायची गरजही पडत नाही. पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवेचा फवारा मारा.

काम झालं की मी मशीनच्या झाकणाच्या आत एक छोटं स्टिकर लावते. त्यावर तारीख, पेस्ट किंवा पट्टी कोणती, खोलीत किती अंश होते, आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवल्यावर एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किती दिसले, एवढंच लिहिते. महत्त्वाचा असतो तो या दोन तापमानांतला फरक. तो उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळपास सारखाच राहायला हवा. पुढच्या वर्षी मशीन आलं की तीच चाचणी, तेवढाच वेळ, आणि पुन्हा फरक काढायचा. तो पहिल्या नोंदीपेक्षा दहा अंशांनी वाढलेला असेल आणि धूळ काढूनही उतरत नसेल, तरच कूलर उघडायचा. घरी करत असाल तर खोलीसाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालतो, फक्त तो डेझर्ट कूलरच्या झोतात किंवा लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका.